अल्ट्रावाईड घेऊ की मोठा फोरके? (टेबल लहान, हौस मोठी)

खेळिया_पुणेकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

दिवाळीत नवीन पीसी बांधला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड (१२ जीबीवालं), ३२ जीबी रॅम. सगळं मनासारखं झालं, पण मॉनिटर अजून कॉलेजातलाच, २४ इंची १०८०पी (१९२०×१०८० पिक्सेल), ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं). म्हणजे नवी बुलेट घेतली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्येच गोल गोल फिरवतोय असं झालंय.

पर्याय दोन. एक म्हणजे ३४ इंची अल्ट्रावाईड, म्हणजे नेहमीपेक्षा रुंद, ३४४०×१४४० पिक्सेल. दुसरा म्हणजे ३२ इंची फोरके (३८४०×२१६०), आणि अगदीच हिंमत केली तर ४२ इंची ओएलईडी टीव्हीच टेबलावर ठेवायचा. तीन आठवडे यूट्यूब बघतोय आणि रोज रात्री मत बदलतं. बायकोने सांगितलंय की काय घ्यायचं ते एकदाच घे, परत परत खोकी घरात येता कामा नयेत.

खेळतो ते असं: एल्डन रिंग (दुसऱ्यांदा), सायबरपंक, फोर्झा होरायझन ५, आणि शनिवारी रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट. दिवसा त्याच टेबलावर वर्क फ्रॉम होम, आठ तास कोड आणि मीटिंगा. टेबल सुताराने करून दिलेलं, ६० सेंमी खोल, मागे भिंत.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मंदगती
वाचतोय. मीही याच नावेत आहे, फक्त माझ्या नावेत ग्राफिक्स कार्ड नाही.

सोलकढी
अल्ट्रावाईड! डोळे मिटून. मी तीन वर्षं ३४ इंची वापरतेय आणि फोर्झामध्ये दोन्ही बाजूंचे आरसे, शेजारून घुसणारी गाडी, रस्त्याकडेची झाडं असं सगळं एका नजरेत येतं. नंतर भावाकडे साध्या मॉनिटरवर खेळले तर डोळ्यांना झापडं लावलेल्या घोड्यासारखं वाटलं. याला हॉर प्लस म्हणतात, म्हणजे उंचीला दिसतं तेवढंच राहतं आणि बाजूला जास्तीचं दिसतं. सायबरपंकमध्ये रात्री पावसात नुसती गाडी चालवत बसते मी, मिशन राहतात बाजूला.

अर्धवट_इंजिनियर
सोलकढी, फोर्झाबद्दल अनुमोदन. पण धागाकर्त्यांची यादी परत वाचा. चारातल्या दोन गेम अल्ट्रावाईडला चालतच नाहीत.

एल्डन रिंग १६:९ च्या (साध्या मॉनिटरचं रुंदी-उंचीचं प्रमाण) बाहेर जात नाही, बाजूला काळ्या पट्ट्या. आणि गंमत म्हणजे गेम त्या पट्ट्यांच्या मागे चित्र काढत असते, फक्त वरून काळं फासते. मॉड (हौशी लोकांनी केलेला बदल) टाकून पट्ट्या जातात, पण त्यासाठी अँटी चीट (लबाडी पकडणारी यंत्रणा) बंद करावं लागतं आणि मग ऑनलाइन खेळता येत नाही. म्हणजे तुमचं कार्ड राबून चित्र काढणार आणि तुम्ही ते बघायचं नाही. वर सेकंदाला ६० फ्रेमची मर्यादा आहेच. व्हॅलोरंटमध्येही तेच, कुणाला जास्तीचं दिसू नये म्हणून १६:९ च, बाजूला पट्ट्या.

रांगडा_कोल्हापूर
पट्ट्यांचा पैसा बी आपणच द्यायचा व्हय? 😂

अर्धवट_इंजिनियर
आता मुख्य गोष्ट, मापं. लोक ३४ हा आकडा ३२ पेक्षा मोठा बघतात आणि फसतात. इंच मोजतात ते तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. ३४ इंची अल्ट्रावाईड साधारण ८० सेंमी रुंद आणि ३३ सेंमी उंच. ३२ इंची साधा मॉनिटर ७१ रुंद, ४० उंच. गुणाकार करून बघा, ३२ इंचीचं क्षेत्रफळच जास्त भरतं. अल्ट्रावाईडची उंची २७ इंची मॉनिटरएवढीच, सूतभर कमीच.

मसाला डोसा लांब असतो म्हणून उत्तप्यापेक्षा जास्त पोट भरतं असं नाही.

सोलकढी
पण लोक डोसाच मागवतात ना 😏

आणि क्षेत्रफळ घेऊन काय शेती करायची आहे? डोळे माणसाला आडवे दिलेत. वरचं आभाळ आणि खालचा टास्कबार बघायला कोण पैसे देतं.

विदर्भ_एक्सप्रेस
४२ इंची ओएलईडी टीव्हीबद्दल विचारलंय म्हणून लिहितो, कारण मी दोन वर्षांपासून तेच वापरून राहिलो.

चित्र कसं दिसते? भाऊ, शब्द नाहीत. गुहेत काळं म्हणजे खरंच काळं, कारण तिथला पिक्सेलच बंद. पहिल्या रात्री तीन वाजेपर्यंत जागलो. पण पहिला आठवडा मान दुखली. ४२ इंची म्हणजे ९३ सेंमी रुंद आणि ५२ सेंमी उंच. माझं टेबल ७५ सेंमी खोल, टीव्ही भिंतीवर, तरी खालच्या कोपऱ्यातला नकाशा बघायला मुंडी वळवावी लागते. डोळे फिरवून भागत नाही. तुमच्या ६० सेंमीच्या टेबलावर स्टँडसकट ठेवला तर नाक आणि स्क्रीनमध्ये वीतभर जागा राहील. थोडं वाढवून सांगून राहिलो, पण थोडंच.

मग टीव्हीचे टीव्हीपणाचे नखरे. पीसी झोपला तरी टीव्ही झोपत नाही, रिमोट शोधा. एक्सेलची पांढरीफट्ट शीट मोठी केली की स्क्रीन आपोआप मंद होते, कारण सगळे पिक्सेल एकदम पूर्ण उजेडात चालवायचे नाहीत असं त्याचं ठरलेलं आहे. टास्कबार लपवा, वॉलपेपर काळा ठेवा, नाहीतर डाग पडायची धास्ती. आठ तास कोड लिहिणाऱ्या माणसाने हा संसार करू नये. मी फक्त रात्री खेळतो म्हणून निभतं.

आणि नागपूरच्या मे महिन्यात त्या खोलीत कार्ड, टीव्ही आणि मी, तिघं एकत्र तापतो ते वेगळंच.

नकाशे_काका
मी निवृत्त आर्किटेक्ट. गेम खेळत नाही, नातू खेळतो. पण वक्र स्क्रीनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

१८००आर म्हणजे १८०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. १०००आर म्हणजे एक मीटर त्रिज्या, म्हणजे जास्त वाकलेला. मुलाने हौसेने १०००आरवाला आणला आणि त्यावर मी एका जुन्या प्लॅनची भिंत उघडली. चाळीस वर्षं सरळ रेषा ओढण्यात गेली, आणि समोर भिंत पोटात घेतल्यासारखी दिसायला लागली. मुलगा म्हणाला दोन दिवसांत सवय होईल. झाली नाही. नातवाला मात्र काही फरक पडला नाही, तो त्यावर विमान उडवतो.

निळी_शाई
काका, अगदी अगदी. मी व्हिडिओ एडिटिंग करते आणि टाइमलाइनसाठी अल्ट्रावाईडसारखं सुख नाही, पण रेषा तपासायला सपाटच हवा.

धागाकर्त्यांनी कामाचं लिहिलंय त्यावर दोन गोष्टी. कोडच्या शेजारी ब्राउझर आणि त्याच्या शेजारी चॅट, अशा तीन उभ्या फळ्या अल्ट्रावाईडवर मस्त बसतात, खिडक्या अशा फळ्यांत बसवायला मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं फॅन्सीझोन्स टाकून घ्या. पण मीटिंगमध्ये पूर्ण स्क्रीन शेअर करू नका! मी एकदा केली. समोरच्यांचे लॅपटॉप तेरा-चौदा इंची, त्यांना माझी स्क्रीन मधोमध एक बारीक पट्टी दिसत होती आणि कोपऱ्यात माझे मांजराच्या खाण्याचे टॅब. साहेब म्हणाले, "जरा झूम करता का?" मी झूम केलं ते टॅबवरच.

दुसरं म्हणजे अक्षरं. ३४ इंची अल्ट्रावाईडला इंचाला ११० च्या आसपास पिक्सेल येतात, ३२ इंची फोरकेला १३८. देवनागरी वाचताना हा फरक दिसतो, मात्रा, रफार आणि जोडाक्षरं स्वच्छ येतात. विंडोजमध्ये स्केलिंग १५० टक्के केलं की जागा १४४०पी (२५६०×१४४०) मॉनिटरएवढीच मिळते, पण अक्षर छापल्यासारखं. आणि हो, ४२ इंची फोरके म्हणजे परत १०५ वर आलात. पिक्सेल तेवढेच, फक्त ताणलेले.

रांगडा_कोल्हापूर
मांजराचे टॅब 😂😂 आजचा दिवस सार्थकी लागला.

माझ्या चुलतभावाकडं ४९ इंची आहे, ५१२०×१४४०. नाद खुळा! टेबलावर ठिवला तर टेबल दिसंना. त्याची आई त्याच्यामागं पापड वाळत घालायचं म्हणत होती.

मंदगती
एक बाळबोध प्रश्न. धागाकर्त्यांचं कार्ड फोरके ओढेल का? मी ऐकलंय ४०७० म्हणजे १४४०पीचं कार्ड.

अर्धवट_इंजिनियर
बाळबोध नाही, तोच खरा प्रश्न आहे. आकडे लाखात सांगतो.

२५६०×१४४० म्हणजे साधारण ३७ लाख पिक्सेल. ३४ इंची अल्ट्रावाईड, साडेएकोणपन्नास लाख. फोरके, ८३ लाख. म्हणजे अल्ट्रावाईडपेक्षा फोरकेला दोन तृतीयांश काम जास्त. रांगड्यांच्या भावाचा ४९ इंची ७४ लाखांच्या जवळ जातो, तो फोरकेच्याच पंगतीतला.

आता डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करायचं एनव्हिडियाचं तंत्र. क्वालिटी मोडमध्ये गेम प्रत्येक बाजूने दोन तृतीयांशावर चित्र काढते आणि मग ते मोठं करते. फोरकेला क्वालिटी लावलं की आतून २५६०×१४४०, म्हणजे ३७ लाखच. अल्ट्रावाईड डीएलएसएसशिवाय चालवला त्यापेक्षाही कमी! म्हणून "४०७० ला फोरके झेपत नाही" हे अर्धसत्य आहे.

सोलकढी
आणि तुमचंही अर्धसत्यच. डीएलएसएसचं स्वतःचं काम फुकट होतं का? चित्र मोठं करायला वेळ जातोच, आणि त्यानंतरचे काही इफेक्ट पूर्ण फोरकेवरच चालतात. आणि मी अल्ट्रावाईडला डीएलएसएस लावलं तर? तुलना सारख्याशी करा. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड आणि सावल्या, कार्डाला जड) चालू केलं की कळेल कोण दमलं ते.

अर्धवट_इंजिनियर
मान्य, फुकट नाही. पण अल्ट्रावाईडला क्वालिटी लावलं तर आतून २२९३×९६० उरतात, २२ लाख. तेवढ्यातून उभं केलेलं चित्र आणि ३७ लाखांतून उभं केलेलं, यात दूरच्या तारा आणि जाळ्या बघितल्या की फरक कळतो. तुम्हाला फ्रेम जास्त मिळतील, हे कबूल. रे ट्रेसिंगला मी परफॉर्मन्स मोडवर जातो, आतून १०८०पी. तरी फोरकेवर बरं दिसतं.

हिशोबनीस
या दोघांचं लग्न लावून द्या कोणीतरी.

मी सीए आहे, माझ्या खात्यातलं सांगतो. जुने धागे वाचून "३४ इंची एवढा महाग का" असा प्रश्न पडला असेल तर त्यात जीएसटीचा हात होता. ३२ इंचापर्यंतच्या मॉनिटरला १८ टक्के आणि त्याच्या वर २८ टक्के. म्हणजे मूळ किंमत ३०,००० धरली तर ३२ इंची ३५,४०० ला आणि ३४ इंची ३८,४०० ला. दोन तिरक्या इंचांचे तीन हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्यांना १८ टक्के झाले. तेव्हा त्याच्या आधीच्या किमतींवरून मत बनवू नका. धागाकर्त्यांनी मॉनिटर दिवाळीनंतरवर ढकलला तो आळसाने का होईना, बरोबर वेळेला ढकलला.

सोलकढी
लग्न झालंय माझं, नवरा कन्सोलवाला आहे. म्हणूनच एक प्रामाणिक तोटा सांगते. त्याचा पीएस५ माझ्या मॉनिटरला लावला की मधोमध १६:९ आणि बाजूला पट्ट्या. १४४०पी चालतं, पण अल्ट्रावाईड त्या डब्याला कळतच नाही. आमच्याकडे त्यावरून महिन्यातून एकदा तरी वाजतं.

वाचनमात्र२
मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत जाऊन बघून घ्या, प्रश्न मिटला. इथे काय मापं काढताय.

विदर्भ_एक्सप्रेस
दुकानात सगळे मॉनिटर उजेडाखाली फुल ब्राइटनेसवर झेंड्याचा व्हिडिओ दाखवतात. त्यात काय कळते? घरी रात्री दिवे बंद करून अंधारी गुहा लावा, तेव्हा पॅनेलचा स्वभाव कळते. माझ्या आधीच्या मॉनिटरचं व्हीए पॅनेल होतं, काळा रंग छान, पण गडद भागात कॅमेरा फिरवला की काळ्या वस्तूंच्या मागे जांभळट ओघळ यायचे. ओल्या फळ्यावरून खडूचं फडकं फिरवल्यासारखे. स्वस्तातले ३४ इंची बरेचसे व्हीएच असतात, एवढं बघून घ्या. आयपीएस पॅनेलवर ओघळ नाहीत, पण अंधारात काळं राखाडी दिसते. प्रत्येकाचं काही ना काही आहे.

मंदगती
आता माझीही गोष्ट ऐका, हसू नका. मागच्या वर्षी ऑफिसातल्या मित्राचा जुना १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला. सगळ्यांना सांगत सुटलो की काय स्मूद आहे, काय स्मूद आहे. दोन महिन्यांनी भाचा आला, माउस फिरवला आणि म्हणाला, मामा, हा ६० वर चाललाय. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बदलायचं असतं हे मला माहीतच नव्हतं!! दोन महिने मी ६० हर्ट्झचं कौतुक करत होतो.

रांगडा_कोल्हापूर
मंदगती नाव उगाच न्हाई घेतलं भावानं.

अर्धवट_इंजिनियर
हसण्यावारी नेऊ नका, निम्म्या लोकांचं असंच असेल. केबलचंही बघा. जुनी एचडीएमआय २.० ची व्यवस्था फोरकेला ६० च हर्ट्झ देते, अल्ट्रावाईडला १००. खोक्यातली डिस्प्लेपोर्टची केबल लावा आणि ती कार्डाला लावा, मदरबोर्डला नको. हो, तसंही करतात लोक.

धागाकर्ते कुठे गेले? काडी टाकून पसार?

खेळिया_पुणेकर
इथेच आहे. सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आणि एक उद्योग केला.

शेजाऱ्यांचा नवीन फ्रीज आला, त्याचं खोकं मागून आणलं. अर्धवटरावांची आणि विदर्भभाऊंची मापं घेऊन तीन पुठ्ठे कापले, ८० बाय ३३, ७१ बाय ४० आणि ९३ बाय ५२. वर काळा कार्डशीट चिकटवला आणि एकेक करून जुन्या मॉनिटरच्या जागी पुस्तकांना टेकवून उभा केला. कीबोर्ड समोर, खुर्ची रोजच्या जागी, दहा-दहा मिनिटं बसलो. बायको चहा घेऊन आली तर मी काळ्या पुठ्ठ्याकडे टक लावून बसलेलो. तिने काही विचारलं नाही, कप ठेवला आणि गेली.

४२ इंची पहिल्या मिनिटालाच बाद. वरचा काठ बघायला हनुवटी उचलावी लागत होती. ३४ च्या पुठ्ठ्याचं रुंदपण आवडलं, खोटं कशाला बोलू. पण मग त्यावर पेन्सिलने एल्डन रिंगच्या पट्ट्या आखल्या. दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा सेंमी गेले आणि मधे उरला तो २७ इंची मॉनिटर. शनिवारची व्हॅलोरंटही त्यातच. म्हणजे माझ्या खेळण्यातला अर्धा वेळ मी पट्ट्या बघत बसणार.

एकच शंका. ३२ इंची फोरके घेतला आणि फोर्झासाठी सोलकढींसारखं रुंद हवं झालं तर काही जुगाड आहे का?

अर्धवट_इंजिनियर
आहे की. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कस्टम रिझोल्युशन ३८४०×१६०० बनवा, स्केलिंग बंद ठेवा. वरखाली पट्ट्या येतात, मधे खरंखुरं अल्ट्रावाईड, रुंदी पूर्ण ७१ सेंमी. गेम समजते की तुमच्याकडे रुंद मॉनिटर आहे आणि बाजूचं जास्तीचं दाखवते. पिक्सेलही ६१ लाखांवर येतात, कार्डाला आराम. उलटं मात्र होत नाही, अल्ट्रावाईडवर नसलेली उंची कुठून आणणार?

सोलकढी
होतं की नाही ते सोडा, ७१ सेंमीत माझे ८० येणार नाहीत. पण एल्डन रिंग दुसऱ्यांदा खेळणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. घ्या ३२. फोर्झा खेळायला रत्नागिरीला या.

नकाशे_काका
पुठ्ठ्याचं मॉडेल करून बघितलंत हे फार आवडलं. आम्ही फ्लॅट विकायच्या आधी हेच करायचो. सपाटच घ्या.

निळी_शाई
आणि मॉनिटर मागे सरकवायला आर्म घ्या. स्टँडचा पाय टेबलाची वीसेक सेंमी खातो. भिंतीला चिकटला की तुमच्या ६० तले बरेच तुमचे तुम्हाला परत मिळतील.

हिशोबनीस
बिल जपून ठेवा. आणि खोकं डेड पिक्सेल तपासून होईपर्यंत फेकू नका, वहिनी काहीही म्हणोत. माझ्या मेहुण्याने खोकं भंगारवाल्याला दिलं आणि तिसऱ्या दिवशी मधोमध हिरवा ठिपका सापडला. दुकानदार म्हणे मूळ पॅकिंगशिवाय परत घेत नाही. तो ठिपका अजून आहे, आता त्याला नाव ठेवलंय.

रांगडा_कोल्हापूर
काय नाव?

हिशोबनीस
दुकानदाराचं.

खेळिया_पुणेकर
अपडेट: ३२ इंची फोरके, आयपीएस, सपाट, १४४ हर्ट्झ. परवा आला. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे सगळे रंग पूर्ण स्क्रीनवर लावून भिंग घेऊन तपासला, ठिपका नाही. खोकं पलंगाखाली बसेना, कपाटावर ठेवलंय, त्यावर घरात एक बैठक झाली, एक महिन्याची मुदत मिळाली. ३४ आणि ४२ चे पुठ्ठे मुलीने पळवले, त्यांचं बाहुल्यांचं घर झालंय.

३८४०×१६०० वर फोर्झा चालवून बघितला, वरखालच्या पट्ट्या रात्री राखाडी दिसतात, विदर्भभाऊ म्हणाले तसंच. पण शर्यत सुरू झाली की विसरायला होतं. कोडची अक्षरं बघून मात्र इतके दिवस मी काय वाचत होतो असं झालं.

आणि मंदगती, तुमची आठवण काढली. लावल्या लावल्या सेटिंग उघडून बघितलं. ६० च होतं.